दाबायचं राहिलेलं बटण

कारंज्यात बाजार समितीकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं मोबाइलचं दुकान होतं. रस्ता ओलांडला की बरोबर समोर दुसऱ्याचं. आम्ही दोघं जवळपास एकाच वयाचे. त्याच्या घरी आजोबांपासून दुकानदारी होती. माझे वडील मेडशीच्या शाळेत शिपाई होते आणि आमच्या घरात दुकान टाकणारा मी पहिलाच. गिऱ्हाइकाशी कसं बोलावं, कुठं गप्प बसावं, हे त्याला उपजत येत होतं. मला ते त्याच्याकडे बघून शिकावं लागत होतं, आणि म्हणूनच तो मला आवडत नव्हता.

तेव्हा आजच्यासारखे काचेचे फोन सगळ्यांच्या हातात आलेले नव्हते. हवा होती ती ई-मेल येणाऱ्या फोनची. तळहाताएवढा रुंद फोन आणि त्यावर इंग्रजी अक्षरांची बारीक बारीक बटणं. असे फोन दोन कंपन्या विकायच्या. एकीचे आधी फक्त साहेब लोकांकडे दिसायचे, मग तिनं स्वस्तातले काढले. दुसरीनं त्याहून स्वस्त काढले आणि फोनसोबत स्वतःचा ई-मेल पत्ताही फुकट द्यायला सुरुवात केली. पहिलीची पाटी समोरच्या दुकानावर होती, दुसरीची माझ्या दुकानावर.

कंपन्यांचं भांडण कुठं दूरच्या शहरात चालत असेल, पण आमच्या रस्त्यावर ते आम्ही चालवत होतो. त्याच्या फोनची अक्षरं सहा महिन्यांत घासून जातात, असं मी सांगायचो. माझ्या फोनवर पाठवलेली मेल दुसऱ्या दिवशी पोचते, असं तो सांगायचा. त्यात थोडं खरंही होतं. दोन कंपन्यांच्या फोनचं आपसात नीट जमायचं नाही. इकडून पाठवलेला फोटो तिकडे उघडायचा नाही, तिकडून आलेल्या पत्रात मधेच चौकोन दिसायचे. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की मी समोरच्या पाटीकडे बोट दाखवायचो आणि तो माझ्या.

टेलर दुकानात आला तो असाच एका दुपारी. जैन मंदिराच्या मागच्या गल्लीत त्याचं शिवणकामाचं दुकान होतं. त्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं आणि बोलता येत नव्हतं. त्यानं खिशातून कागद काढून काउंटरवर ठेवला. त्यावर लिहिलं होतं, 'ई-मेल. बहीण. केनवड.'

पुढचा तासभर आम्ही त्या कागदाच्या दोन्ही बाजू लिहून भरल्या. मोठी बहीण केनवडला दिली होती. तिचा नवरा रिसोडला नोकरीला, त्यानं तिला फोन घेऊन दिला होता. तो फोन समोरच्या दुकानदाराच्या कंपनीचा होता, पण टेलरला स्वस्तातला हवा होता म्हणून तो माझ्याकडे आला. एसएमएस का नको, असं मी विचारलं. त्यानं बोटांची चिमूट करून दाखवली. एसएमएसमध्ये एवढंसंच मावतं. त्याला पुष्कळ बोलायचं होतं.

मी त्याचा पत्ता तयार करून दिला. पत्त्याच्या शेवटी माझ्या कंपनीचं नाव होतं. तिथंच उभं राहून त्यानं एकेक बटण शोधत बहिणीला पहिलं पत्र लिहिलं. फोनवर मराठी अक्षरं नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी. तासाभरानं उत्तर आलं तेव्हा तो अजून माझ्याच दुकानात बसलेला होता. त्यानं फोन माझ्यापुढे धरला. बहिणीनं लिहिलं होतं, 'भैया, तूच आहेस का खरंच? आता मी तुझ्याशी रोज भांडणार.'

त्याला लिहायला वाचायला याच बहिणीनं शिकवलं होतं. अकोल्याच्या मूकबधिर शाळेत घालायच्या आधी, दोघं लहान असताना, चुलीपुढच्या राखेत अक्षरं काढून. हे त्यानं मला पुढे कधीतरी लिहून सांगितलं.

त्यानंतरची तीन वर्षं तो महिन्यातून दोनदा तरी दुकानात यायचा. कधी सेटिंग बिघडलेलं असायचं, कधी फोटो उघडायचा नाही, आणि कधी काहीच काम नसायचं, नुसतं एखादं पत्र दाखवायचं असायचं. एकदा मी शर्ट शिवायला टाकायला त्याच्या दुकानात गेलो, तेव्हा फोन शिलाई मशीनच्या पाटावर ठेवलेला दिसला. पत्र आलं की फोनचा लाल दिवा लुकलुकायचा आणि पाट थरथरायचा. तो पायडल थांबवायचा, चष्मा वर करायचा, वाचायचा, आणि हसत पुन्हा शिवायला लागायचा.

त्याची पत्रं अगदी छोटी असायची. 'आज कुर्ता सात. लाइट गेली. तू जेव.' तिची लांबलचक. गवारीची भाजी कशी जळली, सासू शेजारणीशी काय बोलली, केनवडच्या बाजारात बांगडीवाल्यानं तिला कसं फसवलं. वाचताना तिचं बोलणंच कानावर आल्यासारखं वाटायचं. मला वाटायचं, त्याला काय वाटत असेल हे मला कळणार नाही. त्यानं तर तिचा आवाज कधी ऐकलेलाच नव्हता. त्याच्यासाठी ती पत्रंच तिचा आवाज होती.

चौथ्या हिवाळ्यात ती गेली. कावीळ झाली होती आणि घरच्यांनी दवाखाना उशिरा गाठला. पुष्कळ दिवसांनी टेलर दुकानात आला. दाढी वाढली होती. त्यानं फोन पुढे केला. फोनची जागा भरली आहे, अशी सूचना त्यावर येत होती. त्यानं लिहिलं, 'काही पुसू नका.'

मी त्याला बसवलं आणि समजावून लिहिलं, की पत्रं फोनमध्ये नसतात, कंपनीच्या मोठ्या मशीनमध्ये असतात. फोन हरवला, फुटला तरी पत्रं कुठं जात नाहीत. त्यानं ते दोनदा वाचलं. मग माझा हात धरून थोडा वेळ तसाच उभा राहिला.

त्याच वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला कंपनीचा माणूस अकोल्याहून आला. माझ्या दुकानात बसण्याऐवजी त्यानं मला आणि समोरच्याला दोघांनाही बाहेर चहाच्या टपरीवर बोलावलं. म्हणाला, "आता तुमी भांडू नका. दोन्ही कंपन्यांची सोयरीक झाली आहे. फोन आपापले राहतीन, पण मेलचं काम यायच्याकडं." 'यायच्याकडं' म्हणताना त्यानं समोरच्याकडे बोट केलं. माझ्या कंपनीनं आपलं मेलचं घर बंद करून ते सगळं काम त्याच्या कंपनीकडे सोपवलं होतं.

"म्हंजे माहे गिऱ्हाइक आता यायच्याकडं जातीन?" मी विचारलं.

"फक्त मेलसाठी," तो म्हणाला. "फोनवर एक सूचना येईन. तिच्यावर बटन दाबलं की झालं."

समोरचा शांतपणे चहा पीत होता. तो हसला नाही, पण मला तो हसल्यासारखाच वाटला. चार वर्षं मी ज्या कंपनीसाठी त्याच्याशी वैर धरलं, तिनं मला न विचारता त्याच्याशी घर जोडलं होतं. मी चहा अर्धा टाकून दुकानात परत आलो.

पंधरा दिवसांनी टेलर आला. त्याच्या फोनवर ती सूचना आली होती. सगळी इंग्रजीत, खाली खाली जाणारी, संपता न संपणारी, आणि शेवटी दोन बटणं. मी ती पूर्ण वाचली नाही. वाचली असती तरी सगळी कळली असती असं नाही, पण मी वाचलीच नाही. वरच्या ओळीत समोरच्याच्या कंपनीचं नाव दिसलं आणि माझं डोकं फिरलं. मी पॅडवर लिहिलं, 'काही दाबू नको. ही समोरच्यांची चाल आहे. तुझी पत्रं माझ्याकडे आहेत, ती कुठं जात नाहीत.' त्यानं तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि मान हलवून गेला.

सूचनेत एक मुदत होती. बटण दाबणाऱ्याची पत्रं नव्या घरी जाणार होती. न दाबणाऱ्याची पुसली जाणार होती.

मुदत गेल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी तो आला. काउंटरवर त्यानं फोन ठेवला आणि शेजारी माझा घडी केलेला कागद उलगडून ठेवला. फोनचा पडदा पांढरा होता. आलेली पत्रं शून्य, पाठवलेली शून्य. त्यानं माझ्या अक्षरांवर बोट ठेवलं, मग पडद्यावर, मग पुन्हा अक्षरांवर. तो रागावला नव्हता. माझ्या कागदात अजून काहीतरी लिहिलेलं असेल आणि ते आपल्याला वाचता आलं नसेल, अशा नजरेनं तो विचारत होता.

मी कंपनीला फोन लावला. बऱ्याच वेळानं एक बाई बोलली.

"खातेदाराला फोनवर द्या सर."

"त्यायले ऐकू येत नाई. बोलता येत नाई."

"सर, पडताळणी खातेदाराच्या आवाजावरच होते."

"म्याडम, ते माह्यासमोर बसले आहेत. काय इचारायचं ते मले इचारा, मी त्यायले लिहून दाखोतो."

"तसं चालत नाही सर."

टेलर माझ्या ओठांकडे बघत होता. मी फोनवर ओरडायला लागलो तेव्हा त्यानंच माझ्या दंडावर हात ठेवून मला थांबवलं.

दुसऱ्या दिवशी मी रस्ता ओलांडला. चार वर्षांत पहिल्यांदा त्याच्या दुकानाची पायरी चढलो. सगळं सांगितलं, कागदासकट. कागदाचं लपवता आलं असतं, पण टेलर माझ्या मागेच उभा होता.

समोरचा, आता त्याला समोरचा कसं म्हणू, तो दुकानदार हातातलं काम ठेवून काउंटरबाहेर आला. मग म्हणाला, "भाऊ, मी तं सगळ्याइले बटन दाबून देऊन राह्यलो होतो. तुमच्या गिऱ्हाइकाइले बी. याले काहून नाई पाठवलं?"

"मले वाटलं तुमी..."

"मालूम आहे काय वाटलं." त्यानं टेलरला बसायला स्टूल दिलं. "आमच्या मोहल्ल्यातला आहे हा. माह्या अब्बाचे कपडे याचा बाप शिवायचा."

आम्ही दोघं मिळून अकोल्याला गेलो. मूर्तिजापूरमार्गे, एकाच एसटीत, एकाच बाकावर. कार्यालयात दोन्ही कंपन्यांच्या पाट्या आता एकाच भिंतीवर होत्या आणि दोन टेबलं शेजारी शेजारी. माझ्या कंपनीच्या टेबलावरचा माणूस म्हणाला, "मेलचं काम आता आमच्याकडे नाही, यांना विचारा." दुसऱ्या टेबलवाल्यानं नम्रपणे सांगितलं, "आमच्याकडे जे खातं आलंच नाही, त्याचं आम्ही काय सांगणार? त्यांना विचारा." पुन्हा पहिल्याकडे गेलो. त्यानं अर्ज लिहून मागितला. मी लिहिला. तो कुठे पाठवणार, असं विचारलं तर म्हणाला, वर. वर कुठे, ते त्यालाही माहीत नसावं. दोघंही वाईट नव्हते. एकानं तर आम्हाला पाणी आणून दिलं.

परतताना समोरच्या दुकानदाराच्या, म्हणजे आता माझ्या शेजाऱ्याच्याच डोक्यात ते आलं. "अरे भाऊ, बहिणीचा फोन तं आमच्या कंपनीचा होता नं? तिनं धाडलेली पत्रं तिच्या खात्यात असतीन. तिचं खातं कुठं गेलं आहे?"

मला इतक्या दिवसांत हे सुचलंच नव्हतं. उतरल्याबरोबर आम्ही टेलरच्या दुकानात गेलो आणि लिहून दाखवलं. तो कात्री तशीच कापडात सोडून उठला.

रविवारी आम्ही तिघं केनवडला निघालो. शेलू बाजार, मालेगाव, मालेगावला गाडी बदलून पुढे. टेलरनं इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता आणि मेव्हण्यासाठी एक सदरा शिवून आणला होता. रस्ताभर तो खिडकीतून बघत होता आणि मधूनच आमच्या दोघांकडे बघून हसत होता. त्याचं हसणं मला सहन होत नव्हतं.

मेव्हणा चांगला माणूस निघाला. त्यानं आम्हाला जेवायला बसवलं. जेवण झाल्यावर माझ्या शेजाऱ्यानं हळूच विषय काढला.

"दुल्हाभाई, यायच्या बहिणीचा फोन पाह्याचा होता."

मेव्हणा म्हणाला, "तो तं देल्ला. रिसोडले स्कीम होती, कोन्त्याबी कंपनीचा जुना फोन द्या अन् दुसऱ्या कंपनीचा नवा घ्या. घरात पडून होता. पाह्यलं की जीवाले लागे."

ही स्कीम माझ्याच कंपनीची होती. तिची पाटी मीही दुकानावर लावली होती.

माझ्या शेजाऱ्यानं धीर सोडला नाही. फोन गेला तरी खातं आहे, असं म्हणून त्यानं स्वतःच्या फोनवर तिचा पत्ता टाकला. खातं होतं. खरंच होतं. फक्त पासवर्ड हवा होता. मेव्हण्याला माहीत नव्हता. त्यानं मुलीचं नाव सांगितलं, ते टाकलं, चाललं नाही. गावाचं नाव टाकलं, चाललं नाही.

मग टेलरनं हात पुढे केला. फोन घेऊन तो ओट्यावर जाऊन बसला. कितीतरी वेळ नुसता बटणांकडे बघत होता. मग एकेक अक्षर दाबून त्यानं स्वतःचं नाव लिहिलं. चाललं नाही. बहीण लहानपणी राखेत लाडानं त्याचं जे नाव लिहायची, ते लिहिलं. तेही नाही. तिसऱ्यांदा त्यानं काय लिहिलं, ते आम्हाला दिसलं नाही. पडद्यावर इंग्रजीत ओळ आली की पासवर्ड फार वेळा चुकल्यामुळे खातं बंद करण्यात आलं आहे. ती मला वाचता आली. या वेळी मी पूर्ण वाचली, आणि खातेदारानं आवाजी पडताळणी करावी असं खाली लिहिलेलं त्याला लिहून दाखवलं. खातेदार गेलेली होती.

त्यानं फोन बाहीनं पुसला आणि माझ्या शेजाऱ्याच्या हातात परत दिला.

परतीच्या गाडीत गर्दी होती. मला आणि टेलरला मागे एकत्र जागा मिळाली. मी खिशातून कागद काढला आणि लिहिलं, 'चूक माझी आहे.' गाडी हलत होती, अक्षरं वेडीवाकडी आली. त्यानं वाचलं, पेन घेतलं, काहीतरी लिहायला सुरुवात केली आणि खोडलं. मग पेनाला टोपण लावून ते माझ्या खिशाला अडकवलं. कारंजा येईपर्यंत तो डोळे मिटून बसला होता. तो झोपला नव्हता.

नंतर दोन महिने तो माझ्याकडे आला नाही. मीच एकदा गेलो. त्याच्या मापांच्या वहीत, जिथं छाती, बाही, कॉलर असे आकडे असतात, तिथं मागच्या पानांपासून तो काहीतरी लिहीत होता. मला बघून त्यानं वही पुढे सरकवली. बहिणीची पत्रं होती. जेवढी आठवत होती तेवढी तो लिहून काढत होता. पंचवीसेक झाली होती.

मी वाचायला लागलो. 'भैया. भाजी जळली. सासू बोलली शेजारीण. बांगडी बाजार फसली.'

गोष्टी तिच्याच होत्या. पण वाक्यं त्याची होती. तुटक, प्रत्यय गळालेली, जशी तो लिहायचा तशी. तिच्या बोलण्यातलं ते लांब, खोडकर, श्वास न घेता पुढे जाणं कुठेच नव्हतं. त्याला आठवत होतं ते काय सांगितलं ते. कसं सांगितलं ते त्याच्या हातून उतरत नव्हतं. आणि त्याला ते कळत होतं. त्यानं एका ओळीखाली बोट ठेवून मला विचारलं, लिहून, 'बहीण असं लिहायची?'

मी ती पत्रं वाचली होती. कितीतरी वाचली होती. तिची भाषा कशी होती हे मला माहीत होतं, पण तिचं एक आख्खं वाक्य मलाही आठवेना. पहिलं सोडून. ते मी लिहून दिलं. 'भैया, तूच आहेस का खरंच? आता मी तुझ्याशी रोज भांडणार.' त्यानं ते वहीत उतरवून घेतलं. अजून आहे का, असं त्यानं हातानं विचारलं. मी मान हलवली. नाही.

दोन वर्षांत त्या दोन्ही कंपन्यांचे फोन आमच्या बाजारातून गेले. आधी सोयरीक मोडली, मग एकीनं असे फोन काढणं बंद केलं, मग दुसरीनं. काचेचे फोन आले आणि त्या बारीक बटणांसाठी आम्ही दोघं का एवढे झगडलो, ते कोणाला सांगूनही पटेना. माझं दुकान मी आवरलं. आता मी ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं केंद्र चालवतो. माझा तो शेजारी मोबाइलचे कव्हर आणि काचा विकतो. चहा आम्ही एकत्रच घेतो.

मागच्या महिन्यात पँट आखूड करायला टेलरकडे गेलो होतो. त्याच्याकडे आता मोठा फोन आहे. मशीनच्या पाटावर तो उभा करून ठेवलेला होता आणि त्यावर अकोल्याच्या शाळेतले त्याचे दोन जुने मित्र दिसत होते. तिघं हातांनी बोलत होते, भराभर, एकमेकांना थांबवत, मधूनच हसत. इतकं बोलताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. मला बघून त्यानं मान हलवली, बस म्हणून स्टूल दाखवलं आणि पुन्हा पडद्याकडे वळला. ते काय बोलत होते, त्यातलं मला एक अक्षरही कळलं नाही. मी पँट मांडीवर घेऊन बसून राहिलो.